थांब आणि माणसाला बोलाव

देवनहळ्ळीच्या दवाखान्यातून चार नंबरचं मशीन परत आलं ते मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. खोक्यावर तिथल्या कुणीतरी मार्करनं लिहिलं होतं, 'स्क्रीन अडकतो'. खात्यातल्या प्राणेशनं ते महानंदाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, अडीच महिने त्यांच्या स्टोअरमध्ये पडून होतं. आपणच मागवलं नाही म्हणे." महानंदा नुसती हं म्हणाली. मागवलं नव्हतं हे खरंच होतं, आणि का मागवलं नव्हतं हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

महानंदा बिरादार मूळची सीमाभागातल्या भालकीची. बंगळुरातल्या एका सरकारी संशोधन केंद्रात तिची बावीस वर्षं गेली होती, आणि त्यातली शेवटची सहा या मशीनवर. रुग्णाच्या पलंगाशेजारी ठेवायचं मशीन. वर नाडीचा आकडा, लांबूनही दिसावा एवढा मोठा. खाली हृदयाची हिरवी रेघ. आणि काही बिघडलं की मजलाभर ऐकू जाईल अशी घंटा. सहा मशीनं चाचणीसाठी बंगळुराजवळ देवनहळ्ळीच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ठेवली होती. आणखी चाळीस तयार होऊन खोक्यांत बसली होती, ती येत्या सोमवारी गावोगावच्या दवाखान्यांकडे निघायची होती.

हे सगळं उभं केलं ते दामोदर खांबेटे यांनी. महानंदा त्यांच्या हाताखाली आली तेव्हा तिला धड इंग्रजी बोलता येत नव्हतं, आणि सरांना तिची भालकीची मराठी समजत नव्हती. दोघांनी एकमेकांना शिकवलं. सर तापट होते, हट्टी होते, दुसऱ्याचं बोलणं अर्ध्यावर तोडायचे, पण शिकवायला बसले की आई लेकराला भरवते तसं शिकवायचे. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी सगळ्या खात्याच्या अंगी मुरवला होता. शंका आली की थांब, आणि माणसाला बोलाव.

नियम माणसांपुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. सरांनी तो मशीनलाही शिकवला.

मशीनच्या गाभ्यात एक प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. आकडा दाखवणारा, रेघ काढणारा, घंटा वाजवणारा, असे बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्याच्या जिवावर जगतात. या कर्नलमध्येच डीबगर नावाची एक सोय असते. ती जागी झाली की सगळं जिथल्या तिथं थांबतं. घड्याळ थांबतं, रेघ थांबते, घंटासुद्धा थांबते. मागच्या तारेला लॅपटॉप जोडलेला असेल तर त्यावर एक खूण लुकलुकायला लागते. म्हणजे, मी थांबलोय, आता काय करू ते सांग. माणूस उत्तर देईपर्यंत मशीन तसंच बसून राहतं, मग त्याला तास लागो की वर्ष. गाभा अडकला तर मशीन आपोआप पुन्हा सुरू करणारा एक पहारेकरी त्यात असतो खरा, पण डीबगर आत शिरताना आधी त्यालाच झोपवतो, नाहीतर तो तपासणाऱ्या इंजिनिअरच्या कामात लुडबुड करेल.

ही सोय जागी करायचा अधिकार खरं तर फक्त कर्नलचा. सरांनी तो वरच्या साध्या प्रोग्रॅमांनाही देऊन ठेवला होता. आगगाडीतल्या कुणाही उतारूला साखळी ओढायची मुभा असावी तसं. दोष सापडायला प्रयोगशाळेत त्याचा फार उपयोग व्हायचा. त्याला ते सगळे 'दार' म्हणत. एका सेटिंगवर ते उघडायचं किंवा बंद व्हायचं: एक म्हणजे उघडं, शून्य म्हणजे बंद. दवाखान्यात जाणाऱ्या प्रत्येक मशीनवर शून्यच असायचं, आणि 'दार बंद आहे' या रकान्यापुढे सही असायची महानंदाची.

निवृत्तीनंतर सर आणि त्यांच्या पत्नी कौशल्याअक्का बसवनगुडी सोडून देवनहळ्ळीच्या एका लेआउटमध्ये, नव्या वसाहतीत, राहायला गेले होते. सप्टेंबरात सरांच्या छातीत दुखलं, तेव्हा जवळचा दवाखाना तोच. चार दिवस आयसीयूत काढून बाहेर वॉर्डात आणलं, आणि लगेच सरांनी दवाखान्याचं मशीन काढायला लावून आपलं लावून घेतलं. चार नंबरचं. महानंदा भेटायला गेली तर पलंगावर उठून बसलेले, चेहऱ्यावर तेज.

"त्या उडीचं काय झालं?" त्यांनी तब्येतीचं विचारायच्या आत विचारलं.

उडी म्हणजे दोष. चाचणीतल्या मशीनांवर महिन्यातून एखाद वेळी नाडीचा आकडा बहात्तरावरून एकदम एकशे नव्वदवर जायचा आणि परत यायचा. प्रयोगशाळेत मात्र तो पठ्ठ्या कधीच दिसायचा नाही.

"सापडत नाही सर."

"मग इथं धर त्याला. दार उघड या मशीनवरचं. नाडीच्या प्रोग्रॅमला न पटणारा आकडा दिसला की तो थांबेल. तू लॅपटॉप लावून शेजारी बस."

"सर, पेशंट लावलेल्या मशीनवर दार उघडायचं नाही. तुम्हीच लिहून ठेवलंय."

"ते पेशंटसाठी लिहिलंय. मी काय पेशंट आहे? आणि दिवसभर नुसता पडून टेस्टिंग करून देणारा माणूस तुला दुसरा कुठं मिळणार आहे?"

महानंदा हसली. तिनं तारेला लॅपटॉप जोडला, शून्याचा एक केला, आणि शेजारी खुर्ची टाकून बसली. दोन दिवस बसली. उडी काही आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला साहेबांचा, अरविंदचा, फोन आला की बाहेरची समिती तीन वाजता येतेय, मॅडम पाहिजेतच. लॅपटॉप न्यावाच लागणार होता, सगळं त्यावरच होतं. तिनं दार बंद करायला बोटं कळांवर ठेवली तर सर म्हणाले, "राहू दे गं. दोन दिवसांत काही झालं नाही, चार तासांत काय व्हायचंय? संध्याकाळी येतेयस ना परत? आता कौशल्या येईलच डबा घेऊन."

आणि तिनं राहू दिलं. बावीस वर्षं ज्यांचं ऐकलं त्यांचं त्या दुपारीही ऐकलं. एक आकडा बदलायला दोन सेकंद लागले असते.

सव्वाचारला मीटिंगमध्येच निरोप आला, खांबेटे सर गेले.

सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस. झोपेत गेला, बायको उशाशी होती, अजून काय पाहिजे. नर्स म्हणाली, शेवटपर्यंत आकडा चांगला होता, मग स्क्रीनच अडकला वाटतं. महानंदानं ते ऐकलं आणि पुढं काही विचारलं नाही. मशीन बंद झालं की सेटिंग आपोआप शून्यावर येतं हे तिला माहीत होतं. म्हणजे आता बघायला गेलं तर दार बंदच. असत्याला पाय नसतात म्हणतात, पण हे असत्य तिनं बोलूनसुद्धा दाखवलं नव्हतं. ते गुपचूप तिच्याबरोबर घरी यायचं आणि सकाळी तिच्याबरोबर ऑफिसला जायचं.

तेव्हापासून थांबलेल्या गोष्टींचं तिला भय वाटायला लागलं. मेट्रोच्या फलाटावर पुढची गाडी तीन मिनिटांत असं दिसलं की ती त्या तीनकडे टक लावून बघत राहायची, दोन होईपर्यंत श्वास सोडायची नाही. लिफ्टमध्ये मजल्याचा आकडा जरा रेंगाळला की ती बटण पुन्हा पुन्हा दाबायची. रविवारी दुपारी आई, ठकुबाई, चटईवर आडवी झाली की ही दारात उभी राहून तिच्या पोटाची हालचाल बघायची. एकदा तर जवळ जाऊन नाकापाशी हात धरला. म्हातारी जागीच होती.

"काय बघूलालीस?" ठकुबाई डोळे न उघडता म्हणाली. "जित्ती हाय का मेली ते बघूलालीस व्हय?"

"नाही आई, डास होता."

"डास," म्हातारी म्हणाली आणि कुशीवर वळली.

असे अकरा आठवडे गेले, आणि मंगळवारी चार नंबर टेबलावर येऊन बसलं. आता टाळायला जागा राहिली नाही. चोराच्या मनात चांदणं, तसं तिला वाटलं की सगळं खातं आपल्याकडेच बघतंय. बघत कुणी नव्हतं, सगळे डबे उघडून जेवत होते.

या मशीनांत एक छोटी बॅटरीवरची मेमरी असते. वीज गेली तरी तिच्यातल्या शेवटच्या काही ओळी टिकतात, आणि हृदयाच्या रेघेची शेवटची दहा मिनिटं. ती वाचायची कशी हे खात्यात आता फक्त महानंदाला येत होतं. तिनं वाचली. वेळ, दुपारचे तीन वाजून बारा मिनिटं. डीबगर कुणी जागा केला, तर नाडीच्या प्रोग्रॅमनं. कारण, आकडा चौऱ्याहत्तरवरून एकदम शून्य, विश्वास ठेवण्याजोगा नाही. त्याच्याखाली शेवटची ओळ होती: माणसाची वाट पाहत आहे.

तिनं ती ओळ वाचली आणि पुन्हा वाचली. उडी नव्हतीच ती. सरांचं हृदय थांबलं होतं, खरंच थांबलं होतं, आणि मशीनला ते पटलं नाही. शंका आली म्हणून ते थांबलं. घंटा वाजवायचं सोडून थांबलं, आणि कुणी नसलेल्या तारेवर उत्तराची वाट बघत बसलं. पडद्यावर चौऱ्याहत्तर तसाच राहिला.

बुधवारी दुपारी तिनं ती दहा मिनिटांची रेघ प्रयोगशाळेतल्या नकली छातीत भरली. माणसाऐवजी मशीनला जोडायचं ते एक यंत्र, हृदयाची कुठलीही रेघ दिली की तशी धडधड ते तारांतून पाठवतं. तिनं चार नंबरवर दार पुन्हा उघडलं, लॅपटॉप जोडला आणि बटण दाबलं. हिरवी रेघ धावायला लागली. दर आठ-दहा ठोक्यांनी एक ठोका जरा घाईत पडायचा, सर जिना चढताना एक पायरी गाळायचे तसा. दामोदर सरांना जाऊन अकरा आठवडे झाले होते आणि त्यांचं हृदय तिच्या टेबलावर चालू होतं.

दहावं मिनिट संपत आलं तेव्हा रेघ वर चढता चढता मध्येच उभी राहिली. आकडा चौऱ्याहत्तर. लॅपटॉपवर खूण लुकलुकायला लागली.

महानंदानं उत्तर दिलं नाही. तिला बघायचं होतं, कौशल्याअक्का नेमकं काय बघत बसल्या होत्या ते. नर्स चार वाजता आली होती. म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. खोलीत माणसं येत-जात होती, पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं. प्राणेश चहाचा कप घेऊन मागून गेला, पडद्याकडे बघून म्हणाला, "चौऱ्याहत्तर. मस्त आहे की मॅडम," आणि गेला. मग तिला वाटलं की खुर्चीच्या मागं कुणीतरी उभं आहे, पाठीवरून वाकून वाचतंय, सर वाचायचे तसं. तिनं वळून बघितलं नाही. मागं कुणी नसणार हे तिला ठाऊक होतं, आणि तरीही तो आवाज अगदी कानाशी आला. सांग की त्याला काहीतरी. वाट बघतोय तो.

अठ्ठेचाळीस मिनिटं भरल्यावर तिनं एक कळ दाबली, पुढं चल अशा अर्थाची. मशीनच्या लेखी मध्ये क्षणही गेला नव्हता. रेघ खाली आली आणि सपाट झाली, चौऱ्याहत्तरचं शून्य झालं, आणि घंटा वाजायला लागली. सगळी प्रयोगशाळा माना वळवून बघायला लागली. महानंदाला ती बंद करायचं सुचेना. शेवटी प्राणेशनं येऊन वायर काढली.

त्या संध्याकाळपर्यंत बसून तिनं कर्नलमधलं दारच काढून टाकलं. सेटिंग शून्य करून भागणार नव्हतं. शून्य तर आधीही होतं, आणि सप्टेंबरापर्यंत कुणी म्हटलं असतं की हिच्यासारखी बाई ते बदलेल, तर तिनंच त्याला वेड्यात काढलं असतं. तिनं ती वाट बुजवली. आता कुठल्याही साध्या प्रोग्रॅमनं साखळी ओढली तर कर्नल थांबणार नव्हता. त्या एकट्या प्रोग्रॅमलाच बंद करून नव्यानं उभा करणार होता, आणि घंटेच्या वाटेला कुणी जाणार नव्हतं. मग तिनं सरांची रेघ पुन्हा एकदा चालवली. घंटा दोन सेकंदांत वाजली.

गुरुवारी ती अरविंदच्या केबिनमध्ये गेली. अरविंद पुण्याचा, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि माणूस म्हणून वाईट नव्हता.

"मॅडम, पण शिपिंगमध्ये सेटिंग झीरोच आहे ना?" त्यानं विचारलं.

"आहे."

"मग कर्नलला हात कशाला लावायचा? कर्नल बदलला की पूर्ण टेस्टिंग परत. दीड महिना. सोमवारी चाळीस युनिट निघतायत. मला वर काहीतरी सॉलिड रीझन द्यावं लागेल."

"चार नंबरवर झीरो नव्हतं."

"कुणी बदललं?"

"मी."

चार नंबर कुणाच्या पलंगाशी होतं हे अरविंदला आठवायला जरा वेळ लागला. मग त्यानं उठून दार लावून घेतलं.

"मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची," तो खालच्या आवाजात म्हणाला. "चाळीस मशीनं झीरोवर जातील, आपण पुढच्या व्हर्जनला ते दार काढू. तुमची एवढी सर्व्हिस झालीय. आणि तुमचं सोडा, सरांचं नाव येईल रिपोर्टमध्ये, की त्यांनीच करायला लावलं. काकूंना वाटतंय सर शांतपणे झोपेत गेले. तेवढं एकच राहिलंय त्यांच्याकडे. ते काढून घेऊन काय मिळणार?"

नोकरीचं तिनं सोसलं असतं. हे शेवटचं तिला लागलं, कारण तिनं स्वतःच स्वतःला अकरा आठवडे हेच सांगितलं होतं.

"निदान काकूंना विचारल्याशिवाय लिहू नका," अरविंद म्हणाला. "त्या नको म्हणाल्या तर विषय संपला. प्लीज."

ती सरी, म्हणजे बरं, म्हणाली.

शनिवारी सकाळी तिनं मॅजेस्टिकच्या बस स्टँडवरून देवनहळ्ळीची बस धरली. खिडकीतून लेआउटांचे फलक आणि त्यांच्यामध्ये उरलेले द्राक्षमळे मागं जात होते, पण तिला काही दिसत नव्हतं. ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती आणि ती जुळत नव्हती.

कौशल्याअक्का व्हरांड्यात अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. चाळीस वर्षं बंगळुरात काढलेल्या, मूळच्या साताऱ्याकडच्या; आवाज नेहमीसारखा, पण अंग निम्म्यावर आलेलं. "ये गं महानंदा. बस. स्वल्प राहिल्यात, तूही घे चार." महानंदानं मूठभर शेंगा ओढून घेतल्या. हाताला काम मिळालं ते बरं झालं.

"अक्का, मी एक सांगायला आलेय."

"आधी माझं ऐक," अक्का म्हणाल्या. "तू मशीनची माणूस आहेस, तुलाच विचारता येईल. शमिकाला विचारलं तर माझी लेक मला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेईल." त्यांनी पाटीतली सालं एका बाजूला सारली. "त्यांना हलवलं ना, तेव्हा पडद्यावर चौऱ्याहत्तर होतं."

महानंदाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"यांनीच मला शिकवलं होतं. म्हणाले, माझ्याकडे बघत बसू नकोस, मी झोपलो की मेल्यासारखाच दिसतो. आकडा बघ. आकडा आहे तोवर मी आहे. मी आकडा बघत होते. त्यांचा हात माझ्या हातात होता, तो गार व्हायला लागला, मला कळत होतं. पण आकडा होता गं. रेघ थांबल्यासारखी वाटली, म्हटलं झोपेत मंद होत असेल. मग नर्स आली, तिनं हात लावला, पळापळ झाली, डॉक्टर म्हणाले गेले. मी पडद्याकडे बोट करत होते, कुणी माझ्याकडे बघितलं नाही. तिनं बटण दाबलं, तेव्हा चौऱ्याहत्तर गेला." त्यांनी पुढची शेंग उचलली. "संध्याकाळी विद्युतदाहिनीत नेलं. मी एक अक्षर बोलले नाही. डॉक्टर एवढे शिकलेले, ते खोटं कशाला सांगतील? पण रोज दुपारी मी इथं बसते आणि मला वाटतं, आपण त्यांना जिवंत नेलं. तो आकडा होता, आणि मी तोंड उघडलं नाही."

अकरा आठवडे महानंदा जे जपत होती ते असं होतं. अक्कांकडे शांत झोप वगैरे काही नव्हतीच. महानंदाला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग तिनं सांगितलं. न जुळलेल्या वाक्यांतच सांगितलं. दार म्हणजे काय, सरांनी काय सांगितलं, तिनं काय केलं, बारा वाजता काय केलं नाही. तीन वाजून बारा मिनिटांनी काय झालं. आकडा तेव्हाच मेला होता, पडद्यावर उरलं होतं ते त्याचं चित्र. ती खाली बघून बोलत होती, आणि अक्का शेंगा सोलत होत्या, एकामागून एक, न थांबता.

"म्हणजे नेलं तेव्हा ते नव्हते," अक्का म्हणाल्या.

"नव्हते अक्का. नक्की नव्हते."

अक्कांनी डोळे मिटले. त्यांचे खांदे खाली आले, आणि त्या पोटातून एक लांब श्वास सोडून तशाच बसल्या. महानंदाला वाटलं आपण इथंच थांबावं, उरलेलं विचारूच नये त्यांनी. पण त्या विचारणार होत्या.

"आणि घंटा वाजली असती तर?"

"डॉक्टर त्याच मजल्यावर होते. आले असते. वाचले असते का, ते मला सांगता येत नाही. पण आले असते."

आतल्या खोलीत कुकरची शिटी झाली. अक्का उठल्या नाहीत.

"तीन बारा," त्या म्हणाल्या. "डबा मी अडीचला उघडला होता. ताक प्यायले, आडवे झाले. मग मी बोलत बसले. शमिकाच्या घराचं, इथल्या पाण्याचं, माझ्या माहेरच्या जमिनीचं. उभ्या आयुष्यात यांनी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं नाही, सदा मध्येच तोडायचे. त्या दिवशी सगळं ऐकलं. मी मनात म्हटलं, बघ, दुखण्यानं माणूस निवळला." त्यांनी पदर तोंडाला लावला, मग काढला. "म्हणजे भिंतीशीच बोलत होते मी."

महानंदाला रडू आवरलं नाही. अक्का रडल्या नाहीत. त्या तिच्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत पहिल्यांदाच काहीतरी कठीण आलं होतं.

"मला एक नीट सांग. मशीनला शंका आली म्हणून ते थांबलं. आणि वाट बघत बसलं. कुणाची?"

"माणसाची. म्हणजे माझी. आमच्यापैकी कुणाची तरी."

"मी होते की तिथं," अक्का म्हणाल्या. "हातभर अंतरावर. माझ्या हातात हात होता त्यांचा. नाडी लागते का नाही, एवढं सांगायला इंजिनिअर कशाला लागतो? मला विचारायचं होतं. पडद्यावर एक अक्षर आलं असतं, तर मी ओरडले असते."

बावीस वर्षं ते सगळे म्हणत आले होते, माणसाला बोलाव; आणि माणूस म्हणजे आपण, याबद्दल सरांना कधी शंका आली नव्हती, तिलाही नाही.

"अहवाल लिहायचाय," ती कशीबशी म्हणाली. "त्यात सरांचं नाव येईल. अरविंद म्हणाले तुम्हाला विचारून..."

"लिही. त्यांचं नाव लिही, तुझंही लिही. लपवू नकोस काही." अक्कांनी सोललेल्या दाण्यांचं भांडं बाजूला ठेवलं. "आणि त्यात हेही लिही, की पलंगाशेजारी बाई बसली होती. जागी होती. तिला कुणी विचारलं नाही. हे आधी लिही, बाकीचं मागनं."

महानंदानं तिथंच व्हरांड्यात लॅपटॉप उघडला आणि अहवालाचं पहिलं वाक्य तेच लिहिलं. अक्कांनी चष्मा लावून ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि मान हलवली. मग गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या.

"तुला आज जेवायला वाढायचं मला जमणार नाही," त्या म्हणाल्या. "पुढं कधी जमलं तर मी बोलावीन." आणि त्या गॅस बंद करायला आत गेल्या.